ओमाहाला जायचं ठरतंय, आण्णा

आण्णा, तुमच्यासारखंच चाललंय इथंही. जेवायला बसायचं, गरम पोळी मागायची आणि ती मोडता मोडता दुसऱ्याच्या जन्माचं ठरवून टाकायचं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ही खोड काही तुमच्याबरोबर जळली नाही. नातवात उतरली. तुम्ही निदान धरणाच्या दारावरचे साधे नोकर होता. हा तर इंजिनीयर. एवढं शिकून याला बायका-माणसांना विचारायचं सुचत नाही, तर शिकवून मी काय मिळवलं ते सांगा. रोज ताटावर एकच विषय, ओमाहा चांगलं की वाईट. आणि मी तव्यापाशी. वरचा धुराचा पंखा घरघरतोय, मला अर्धं ऐकू येतंय, अर्धं नाही.

ओमाहा म्हणजे काय ते तुम्हाला कुठलं कळायला. अमेरिकेच्या मधोमध कुठंतरी आहे, ना फार मोठं ना फार लहान, चहूकडं मक्याची शेतं. तुमच्या नातवाच्या कंपनीनं सिंगापुरातलं त्याचं काम बंद करायचं ठरवलंय, तिकडं ये म्हणतात. नाही गेला तर इथं दुसरी नोकरी शोधायची, आणि ती वेळेत नाही मिळाली तर त्याचा इथं राहायचा पास गेला. माझा पास त्याच्या पासावर. म्हणजे गाडी इथून हलणारच, कुठं जायची एवढाच प्रश्न. तिकडं गेले तर मला सहा महिन्यांचा व्हिजा. सहा महिने ओमाहात नातीला सांभाळायचं, मग परत यायचं आणि आपल्या गावच्या बंद खोलीचं कुलूप काढायचं. नाही म्हटलं, तर नातीचं तोंड फोनवर बघायचं. ती चार वर्षांची आहे. फोनवर ती कुणाशीच बोलत नाही, नुसती नाक दाखवते.

त्यांचा वाद ऐकला तर तुम्हीसुद्धा कंटाळला असता. मुलगा म्हणतो, तिकडं अख्खं घर मिळेल, मागंपुढं अंगण, शाळा चांगली, हवा चांगली. सून म्हणते, तुझी हवा चांगली आहे, पण ती उणे वीस आहे. दुसऱ्या दिवशी दोघं बाजू बदलतात. सुनेला कुणीतरी घरांचे फोटो पाठवलेले असतात, ती म्हणते, स्वयंपाकघर बघ केवढं आहे. मग हा म्हणतो, तिथं रस्त्यात माणूस दिसत नाही म्हणे. असं हिंदोळ्यावर बसून दोघं पोटभर जेवतात, ताटं उचलतात, आणि मी बसेपर्यंत टेबल पुसलेलं असतं. पोरीला विचारलं, जायचं का गं तिकडं, तर इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणते, "आज्जी, कॅनॉट ला, माय स्कूल इज हिअर." तिचं निदान कुणीतरी ऐकून हसलं तरी.

मला हे सगळं माहीत होतं, आण्णा. मी हे पाहिलेलं आहे. तुम्ही आणि काका पाटावर बसलाय, मी पाणी देतेय, आई चुलीपुढं भाकरी थापतेय. धरणाच्या वसाहतीत जावं का न जावं, यावर तुमचं चाललंय. काका म्हणतात, बिजली फुकट. तुम्ही म्हणता, पाणी फुकट, हवा तर काय विचारूच नका. आईची सख्खी बहीण पलीकडच्या गल्लीत, पेठेतला बाजार दारात, आठवड्याला तिचं भजन, यातलं कुणी काही बोललं नाही. मी म्हणाले, आईला विचारा की. तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "जेवताना मध्ये बोलायचं नाही. भाकरी आण." मी भाकरी आणली. पुढच्या महिन्यात आपण डोंगरावर होतो. चार खोल्यांची ओळ, दिवसाला एक एस.टी., शाळा चौथीपर्यंत. माझी शाळा तिथंच संपली. आईचं बोलणंही.

त्यानंतर एकदा तुम्ही तालुक्याहून आईला नव्या चपला आणल्यात, लाल पट्ट्याच्या. फार खुशीत होता. ती त्या घालून जाणार कुठं होती, एवढं तरी तुमच्या मनात आलं का? दारापासून नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंत. ती तरी हसली होती, तुमच्यासाठी. मला तेव्हाच राग आला होता, पण मला भाकरी आणायची सवय लागली होती.

इथं सिंगापुरात, सेंगकांगच्या वस्तीत मी आले तेव्हा मला वाटलं होतं, तसंच होणार. नवव्या मजल्यावर कोंडून घेणार. तसं झालं नाही. लिफ्टनं खाली उतरलं की सावलीतला मोकळा मजला, तिथं सकाळी बायका हातपाय हलवत असतात. एक चिनी म्हातारी मला हाताला धरून ओळीत उभी करते, आमची एकमेकींना एक शब्द कळत नाही, रोज गप्पा होतात. छोटी रेल्वे मोठ्या स्टेशनाला नेते, तिथून मोठी रेल्वे पाहिजे तिथं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण रंग कळतात आणि आकडे कळतात. मेथी आली की भाजीवाली लांबूनच हात करते. मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा, आण्णा, कुणाला न सांगता घराबाहेर पडले आणि भाजी घेऊन परत आले. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. मला त्या दिवशी चक्कर आली होती आनंदानं.

मग एका रविवारी सकाळी मुलानं ओमाहातल्या एका मराठी बाईंना फोन लावला, तोंडं दिसतात तसला. कोणीतरी ओळख काढून दिली होती. बाई फार गोड. इथं सगळं मिळतं म्हणाल्या, कढीपत्तासुद्धा, गणपती बसतो, रविवारी मुलांची मराठी शाळा भरते. मुलगा माझ्याकडं वळून बघतोय, बघ आई, कढीपत्ता. मी म्हटलं, "तुमच्याकडं सासूबाई आहेत ना? त्या दुपारच्या कुठं जातात?" बाईंनी मागं वळून बघितलं. मग म्हणाल्या, आई घरीच असतात, छान मोठी खिडकी आहे त्यांच्या खोलीला, आम्ही कॅमेराही लावलाय, ऑफिसातून बघता येतं त्यांना. गाडीशिवाय इथं तसं कुठं जाता येत नाही. मी म्हटलं, जरा त्यांना द्या. सासूबाई आल्या, शाल गुंडाळून. कशा आहात म्हटलं, तर आपल्या सुनेकडं बघत म्हणाल्या, चांगलं आहे हो, शांत आहे. त्यांची सून पाणी आणायला उठली. तशी ती म्हातारी फोनच्या अगदी जवळ आली, नुसते डोळेच दिसायला लागले, आणि हळूच म्हणाली, "तुम्ही तिकडं भाजीला एकट्या जाता? आज काय काय आलं होतं?" मी सगळं सांगितलं. मेथी, कोवळी भेंडी, लाल भोपळा, कोण कसा ओरडत होता. ती ऐकतच राहिली. तिची सून परत आली तरी तिनं फोन सोडला नाही.

फोन ठेवल्यावर मुलगा म्हणाला, एकूण बरं दिसतंय, नाही का? आमची सून म्हणाली, लोक तरी चांगले वाटले.

मग मी काय केलं ते ऐका. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोळ्या संध्याकाळीच करून डब्यात भरल्या, गॅस बंद केला, पंखा बंद केला. चार ताटं घेतली आणि पहिली मी बसले. दोघं येऊन उभे राहिले. मुलगा म्हणतो, आई, बरं नाही का तुला? मी म्हटलं, बरी आहे, बस. गार पोळी खा आजच्या दिवस. सुनेनं डबा उघडला, परत झाकला. पोरगी चमचा आपटायची थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, ओमाहा चांगलं का वाईट, ते तुम्ही दोघं महिनाभर बोलताय. चांगलं असेल. पण तिथं मला उंबऱ्याबाहेर पडायचं तर तुमच्यातल्या एकाला रजा काढावी लागेल. मला खिडकीला बसवणार आणि वर कॅमेरा लावणार. मी माझ्या आईसारखी गप्प होणार नाही, मी तुमचं डोकं खाईन.

मुलगा म्हणाला, "आई, तू कधी काही बोललीच नाहीस."

"तू कधी बसायला सांगितलंस?"

त्याचं तोंड उतरलं. बरं झालं. सुनेनं मात्र माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "मग आई, आता सांगा. तुम्हाला काय हवंय?" नुसतं विचारलं नाही, हात थांबवून वाट बघत बसली. मुलगाही. तू म्हणशील ते करू, म्हणाला. तू नको म्हणालीस तर मी इथंच नोकरी शोधतो, नाही मिळाली तर पुण्याला जाऊ. शुक्रवारी कळवायचंय, तोवर सांग.

आण्णा, मी त्यांना सांगू शकले नाही. ही गोष्ट मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, आणि हे कागद कुठं टाकायचे तेही मला माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. एवढा तमाशा केला, गार पोळ्या चारल्या, आणि विचारल्यावर माझ्या तोंडून शब्द निघेना. नको म्हटलं तर पोराचं नुकसान. हो म्हटलं तर मी गेले. दोन्ही मला दिसतंय, पण मला स्वतःला काय हवंय तिथं आत हात घातला तर काही लागतच नाही. कुणी विचारलंच नाही कधी, तर तिथं काही साठलंच नाही. हे तुमचं काम आहे, आण्णा, आणि ते तुम्हीच निस्तरा.

तेव्हा मला एवढंच सांगा. त्या दिवशी मी म्हणाले तसं तुम्ही हातातली भाकरी ठेवून आईकडं वळला असता आणि खरंच विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती? तुम्ही तिच्याबरोबर तीस वर्षं काढलीत, तुम्हाला माहीत असायला पाहिजे. नसेल माहीत तर तसं सांगा. पण गुरुवारी संध्याकाळच्या आत सांगा, शुक्रवारी माझा मुलगा कळवणार आहे.