चिमट्यातल्या तारा

प्रिय श्रुतिका,

आधी आली ती सुलक्षणा, शेजारची गं, नेटच्या वायरींचं काम करते ती, आणि माझे घावणे बघून बसलीच. मागनं तिचा नवरा राजेश, खांद्यावर निळ्या वायरचं वेटोळं. किती दिवसांनी घरात माणसं आली, मला इतकं बरं वाटलं. तुझ्या बाबानेच बोलावलं होतं. खालचा राऊटर नि माळ्यावरचा राऊटर एका वायरने थेट जोडायचे, म्हणजे आजोबांच्या खोलीतला कॅमेरा मला खाली फोनवर दिसेल. हल्ली ते न सांगता चालू पडतात ना.

सुलक्षणाने वायरचं एक टोक बनवलं. दुसऱ्या टोकाच्या आठ तारा ओळीने लावून कपड्यांच्या चिमट्यात धरल्या, आणि गॅसवर दूध आहे म्हणून घरी पळाली. राजेश माळ्यावर. मी बघते तर दोन टोकांचे रंग जुळेनात, नारिंगीच्या जागी हिरवी. अगं, मी बारा वर्षं गिरणीत वाइंडिंगला होते, एक धागा चुकला तरी मुकादम उभा करायचा. माझे हात गप्प बसतात होय? तारा सोडवून सारख्या लावल्या, चिमटा परत लावला, आणि पोरीचं काम सुधारलं म्हणून खूश. ती परत आली नि घाईत न बघताच त्या तारांवर प्लॅस्टिकची पिन दाबून बसवली.

वायर जोडली तर राऊटरचा दिवा लागेना. तेव्हा ती राजेशला म्हणाली, राऊटर जुने, म्हणून एका टोकाला रंग मुद्दाम उलटे लावलेत, तरी लागत नाही म्हणजे वरचा राऊटरच गेला. म्हणजे ते मुद्दाम उलटे रंग मीच सुलटे केले होते. कबूल करायचं सोडून मी घावणे वाढायला वळले.

परवा दुपारी कपडे वाळत घालून आले तर माळा रिकामा. तीन तास, श्रुतिका. आजोबा पूर्वी कामाला जायचे त्या इंडस्ट्रीच्या गेटपाशी सापडले, हातात जेवणाचा डबा, पाळीचा भोंगा का होत नाही विचारत होते. बाबा सुलक्षणाला वाटेल ते बोलला, आणि आता आजोबांना बाहेरून कडी लावणार म्हणतो. कोंडलं तर ते दारावर डोकं आपटतील. मी ओळखते त्यांना.

फोनवर बोलायचं तर बाबा बाजूलाच असतो, म्हणून हे लिहून माधुरीच्या हाती देतेय, ती उद्या पुण्याला येतेय. बाबाला तूच सांग, चूक माझ्या बोटांची, त्या पोरीची नाही. कडी नको, वायर सुधारली की पुरे. माझी जीभ उचलत नाही गं. तोवर मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून आहे, भाजीसुद्धा इथेच निवडते. एवढं ऐकूनही सुलक्षणा नि राजेश नवा राऊटर घेऊन गुरुवारी येतो म्हणालीत.

तुझीच,
पायरीवरची आजी