बहिऱ्या नदीचा पलीकडचा काठ

२ ऑक्टोबर १९२६
ओब्रेसाकला पोचलो एकदाचा! उत्तरेतल्या कोळशाच्या खाणींच्या गावात, माझ्या आधीच्या शाळेत, फळ्यावरसुद्धा काजळी बसायची. इथे आगगाडीतून उतरलो तोच पिकल्या द्राक्षांचा वास आला. मादाम देल्पेश नावाच्या विधवा बाईंकडे माडीवरची खोली मिळाली आहे. माझी ट्रंक पाहून म्हणाल्या, "दगड भरलेत का हो यात, मास्तर?" म्हटलं, खरंच दगड आहेत, भूगोलाच्या तासाला लागतात. बाई पोट धरधरून हसल्या. जेवायला लसणाचं सूप आणि बदक. मी इथे रमणार.

७ ऑक्टोबर
गुरुवार. शाळेला सुट्टी, गावचा बाजार. चौकाभोवती कमानी, मधोमध लाकडी खांबांवर तोललेलं बाजाराचं छप्पर, खाली अक्रोड, लसणाच्या माळा, पाय बांधलेली बदकं. बुस्के बदकवाला ओरडला, "लग्न नाही झालं म्हणता, मास्तर? मग हे बदक न्या, घरात बोलायला कुणीतरी हवं!" सगळा बाजार हसला, मीही.

दुपारी मुलांसाठी गावाचा नकाशा काढायला घेतला. गाव टेकाडावर, पायथ्याशी नदीचं वळण. नदीवर हाक मारली तर प्रतिध्वनी येत नाही म्हणून तिचं नावच 'बहिरी'. एक मात्र कळेना. चौकातला सगळ्यात रुंद रस्ता उतरत थेट नदीकाठी जातो आणि तिथेच संपतो. पूल नाही. एवढा ऐसपैस रस्ता कुणी पाण्यात घालायला बांधतं का?

मादामना विचारलं. म्हणाल्या, पलीकडे कुणी राहत नाही. पूर्वी राहत असतील ना, असं म्हणताच, "नाही राहत म्हटलं ना!" आणि माझ्या खोलीची खिडकी त्यांनी स्वतः येऊन लावली.

११ ऑक्टोबर
मुख्याध्यापक रूमिगिएर यांनी दार लोटून सांगितलं. तीनशे वर्षांपूर्वी पलीकडे खालची पेठ होती, कातडी कमावणाऱ्यांची. साथ आली ती आधी तिथे. वरच्या गावाने पूल तोडला. धडधाकट होते तेही तिकडेच अडकले. काठावर येऊन नावानिशी हाका मारायचे. वरच्यांनी मिळून ठरवलं, बघायचं नाही, ऐकायचं नाही. त्यानंतर पुरात पेठ गेली.

मी म्हणालो, मग बहिरी कोण, नदी की गाव?

ते हसले नाहीत. ऐकता ऐकता मी फळ्यावर काढलेली पेठ त्यांनी कोटाच्या बाहीने पुसली. "चांगले गृहस्थ आहात, मास्तर. नकाशा नदीपाशी संपवा."

मला वाटतं, ही मंडळी काहीतरी लपवताहेत.

१४ ऑक्टोबर
सगळं गाव बाजारात असताना काठावरची एक नाव घेऊन पलीकडे गेलो. रानझुडपांत घरांची जोती आहेत, कातडी भिजवायचे हौद आहेत. आणि एक बाई! गुडघ्यावर कातडं ताणून खरवडत बसली होती. हात कोपरापर्यंत तपकिरी. कुणी फिरस्ती असावी असं वाटलं. मान वर न करता तिने विचारलं, "वरचा की इथला?"

वरचा म्हटलं तर बिचकेल, म्हणून गमतीने म्हणालो, "इथलाच की!"

ती हसली. हसता हसता डोळे पुसून म्हणाली, "चला. एक तरी म्हणाला."

परतल्यावर मादामनी दारातच माझ्या कपड्यांचा वास घेतला. त्यांच्या हातातली थाळी पडली. माझ्याकडे न बघता त्या तुकडे वेचू लागल्या.

१६ ऑक्टोबर
माझं ताट मांडलं नाही. बेकरीत माझ्या मागच्याला पाव मिळाला, मला नाही. शेजाऱ्याने नमस्कार घेतला नाही. हे ठरवून चाललंय. मला वाळीत टाकलंय! रूमिगिएरनीच पढवलं असणार.

१८ ऑक्टोबर
वर्गात फळ्याशी उभा होतो. रूमिगिएर आले आणि मुलांना म्हणाले, "मास्तर आज आलेले नाहीत." एकही मूल हसलं नाही. मुलांना इतकं कसं जमतं? कुणी शिकवलं? कधी?

मी ओरडलो. शेवटच्या बाकावरची मुलगी फक्त वहीवर जास्तच वाकली.

२१ ऑक्टोबर
बाजारात बुस्केच्या गाडीसमोर मुद्दाम उभा राहिलो. घोडा थबकला, कान मागे टाकले. बुस्केने चाबूक उगारला. "चल की रे! काही नाहीये तिथे!" गाडीचा दांडा खांद्यावर बसला. पडलो. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, पाणी दगडाला वळसा घालतं तशी.

वळसा घालून. म्हणजे मी कुठे पडलोय ते—

२३ ऑक्टोबर
स्टेशनचा रस्ता धरला. नदी लागली. द्राक्षमळ्यांचा रस्ता धरला, चढाचा. तोही नदीवर उतरला. माझाच नकाशा हातात होता. सगळे रस्ते—

पलीकडे धूर दिसतो. छपरं दिसतात. मनगटापर्यंत हात तपकिरी झालेत, साबणाने जात नाही.

कुणीतरी हाक मारतंय. माझं नाव घेऊन. लाकाझ, लाकाझ.

२५ ऑक्टोबर
सकाळ. मादाम नव्या मास्तरला खोली दाखवताहेत. माझी खोली. मी टेबलाशीच बसलोय. खिडकीतून काय दिसतं, त्याने विचारलं. "नुसती झाडं," त्या म्हणाल्या.

तो सामान आणायला खाली गेला. मी मादामचा हात धरला. घट्ट.

त्यांनी सोडवून घेतला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "नका ना मास्तर. मला दिसलात, तर मलाही पलीकडे जावं लागेल."

दिसतो! सगळ्यांना दिसतो! पहिल्या दिवसापासून—

जिन्यात पावलं. त्याला सांगायला हवं, तो नवा आहे, त्याला अजून—

मादामनी फडकं घेतलंय. टेबल पुसताहेत. डोळे मिटून, रडत. या पानापर्यंत आल्या. मादाम, थांबा, शाई अजून ओली—