गँगला माणसं किती

१७ ऑगस्ट १९८८, लिव्हरपूल

दारावरचा म्हातारा तिकीट अर्धं फाडून तसाच थांबला. "परत विचार," म्हणाला.

बाबांनी दिलेला कागद उघडून मी परत विचारलं. जहाजावरचा माल उतरवणाऱ्या एका गँगला माणसं किती असतात?

"कोण विचारतंय?"

"माझे वडील. मुंबईच्या गोदीत आहेत. एकतीस वर्षं."

त्याने मला आत घेतलं, स्वतःची खुर्ची दिली. मागे रांग होती. रांगेला थांब म्हणाला! सत्तरीचा असेल. याच धक्क्यावर हमाली केलेली. आता इथे म्युझियम झालंय, तर दारावर.

"आधी चौदा. मग आठ. मग कंटेनर आले. आता मी एक — तिकिटं फाडायला."

हसला. मीही हसले. नंतर वाटलं, हसायला नको होतं.

१८ ऑगस्ट

कॉलेजने इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सला पाठवलंय आणि मी तास बुडवून पुन्हा गोदीवर!

लाल विटांची पाच मजली गोदामं. खाली बिडाचे खांब, दोघांनी मिळून कवेत घ्यावे एवढे. त्यांच्यामध्ये दुकानं — मेणबत्त्या, गोळ्या, पोरांसाठी खलाशांच्या टोप्या. जिथे गोण्या उतरत तिथे लोक आइस्क्रीम खात बसलेले. पाणी हलत नाही. लिहायला जड जातं, पण सुंदर आहे. बाबांच्या शर्टाला येतो तो वास — गूळ, तागाच्या गोण्या, तेल — शोधत फिरले. कॉफीचा येत होता.

म्हाताऱ्याला उरलेले प्रश्न विचारले. पावसात काम बंद ठेवता का? "माल बघून. साखर असेल तर बंद." शेवटचा प्रश्न: वय झालेल्यांना कुठलं काम देतात?

यावर त्यानेच उलट विचारलं.

"वडिलांचं वय?"

"चोपन्न. कंबर गेलीय."

"मुलगा आहे?"

हे त्याने आपणहून विचारलं. म्हणजे इथेही बापामागून मुलगा गोदीत लागत असे! त्याचाही लागला होता. चार वर्षांत घरी बसला.

२० ऑगस्ट

झोप नाही.

बाबा जुलैपासून आजारपणाच्या रजेवर. तब्येतीचं कारण देऊन त्यांनी नोकरी सोडली तर त्यांच्या जागी माझ्या भावाला, नंदकुमारला घेतील. फॉर्म पाच सप्टेंबरपर्यंत द्यायचा. नंदू एकवीसचा, बारावीनंतर काहीच नाही. सगळं ठरलेलं आहे. मग बाबांनी प्रश्न कशाला लिहून दिले?

३ सप्टेंबर, घाटकोपर

नंदू सहारला घ्यायला आला. रिक्षात पहिला प्रश्न: "काय आणलंस?" दुसरा: "तिकडे गोदी बघितलीस ना? बाबांना काय सांगणारेस?"

म्हटलं, बघितलं ते.

"नीट बघ हां काय बोलतेस ते."

४ सप्टेंबर

बाबा कपाटाला पाठ टेकून जमिनीवर. आई कमरेला तेल चोळत होती.

"सांग गो. जहाजां किती?"

"एक. बघायला ठेवलंय."

"बगूक? जहाज काय बगूचा?" खूप हसले. मग कळ आली, थांबले. "आणि पावसात?"

"साखर असेल तर बंद."

"बरोबर! साखरेक बंदच!" मांडीवर थाप. जणू जुना दोस्त भेटला.

"गँगमध्ये माणसां?"

चौदा, आठ, एक — सांगितलं. एक म्हणजे काय, तेही. त्याच्या मुलाचं मी सांगणार नव्हते. बाबांनीच विचारलं, "तेचो झील?"

"चार वर्षं टिकला."

आई म्हणाली, "ते गोरे. आपल्याकडे नाय होणार तसं."

"मग थंय न्हावा-शेवाक काय बांधतत? देऊळ?"

तिथे कंटेनरचं नवं बंदर होतंय, हे आईलाही माहीत आहे. नंदू उठला. "झालं! लावलीस वाट! तुझं काय गं, तुला कॉलेज आहे, परदेश आहे. मी काय करू? चार तर चार! चार वर्षं कोण देतंय मला?"

तो बरोबर आहे. मीही खोटं सांगितलेलं नाही.

तो चप्पल घालून निघून गेला. बाबांनी कागदावर नसलेलं एक विचारलं.

"तो म्हातारो बसान असता की उभो?"

"खुर्ची आहे त्याला."

"बरां आसा," म्हणाले.

५ सप्टेंबर

सकाळी साडेसहाला बाबा रजा मोडून, कमरेला पट्टा बांधून गोदीत पहिल्या पाळीला गेले. जिना उतरताना दोनदा थांबले. फॉर्म घरीच आहे, सहीशिवाय. आज शेवटचा दिवस.