चुकांचा साठा

३ जानेवारी
संकल्प. बाहेरून कामाला आलेल्या लोकांचा आपला संध्याकाळचा भाषेचा वर्ग यापुढे शास्त्रशुद्ध चालणार. विद्यार्थी जे लिहितील त्यातली प्रत्येक चूक कॉम्प्युटरवर नोंदवायची, प्रकारवार लावायची, आणि जी चूक जास्त तीच शिकवायची. वीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. जूनपर्यंत दहा हजार वाक्यं. मग कॉन्फरन्स. बायको म्हणाली, आधी गेल्या महिन्याच्या वह्या तपासून परत द्या. तिला रिसर्च कळत नाही.

८ जानेवारी
नियम: जमा झालेला कागद दुरुस्त करायचा नाही. लाल पेन लागलं की नमुना बाटला. विद्यार्थी विचारतात, सर, मग बरोबर काय? म्हटलं, धीर धरा, जूननंतर कळेल.

२२ जानेवारी
२१४ वाक्यं. (हजार हवी होती. मध्ये सर्दी झाली.) पण आज घबाड! पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीन चालवणारा आमचा प्रेसवाला, एरवी अबोल, पानभर पत्र घेऊन आला. मॅनेजरला द्यायचंय, तिथे तक्रार लेखी आणि इथल्याच भाषेत लागते, नीट करून द्या म्हणाला. काय सुंदर चुका! ओळीत तीन-तीन. ठेवून घेतलं. पुढच्या आठवड्यात देतो म्हटलं.

२९ जानेवारी
प्रेसवाल्याने पत्र मागितलं. नोंदणी चालू आहे म्हटलं. हातवारे करून काहीतरी सांगत होता, मशीन मध्येच आपोआप खाली येतं वगैरे. म्हटलं, बोलू नका, लिहा. बिचाऱ्याने पुन्हा लिहिलं. त्याच चुका! माझा सिद्धान्त पक्का झाला.

१२ फेब्रुवारी
वर्गात सहा जण. होते एकोणीस. बाकीच्यांची भाषा सुधारली असणार. संस्थेच्या मुख्य बाई म्हणाल्या, तुम्ही शिकवतच नाही अशी ओरड आहे. गाढवाला गुळाची चव काय!

प्रेसवाला पुन्हा पत्रासाठी आला. सोमवारी नक्की, असा शब्द दिला. मग बसून सगळी वाक्यं सुटी केली, नावं-तारखा काढल्या (गोपनीयता पाळावीच लागते), मूळ कागद रद्दीवाल्याला देऊन टाकले. टेबल किती दिवसांनी दिसलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
प्रेसवाला आला नाही. बरंच झालं. पत्र झालं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
त्याची बायको आली. शनिवारी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. मॅनेजर म्हणतो, याची तक्रार आमच्याकडे कधी आलीच नाही, चूक याचीच. म्हणून ती दोन्ही पत्रं द्या. तिची भाषा नवऱ्याहून कच्ची. तरी मला सगळं कळलं.

कॉम्प्युटर उघडला. सहाशे चाळीस वाक्यं, ना नाव, ना तारीख. त्यातली त्याची कुठली, देव जाणे. ती म्हणाली, तुम्ही वाचलं होतं ना, मग तुमच्या हाताने लिहून द्या, सही करा.

कागद घेतला. कुठल्या ओळीत कुठली चूक होती ते आठवत होतं. मजकूर आठवेना. मशीन आपोआप खाली येतं हे तो बोलला होता, तेवढं लिहिता आलं असतं. पण मग पत्रं माझ्याकडे किती दिवस पडून होती, तेही लिहावं लागलं असतं. विचार करतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात या.

ती उठली. म्हणाली, त्यांनाही तुम्ही हेच सांगितलं होतं.

या वाक्यात एकही चूक नव्हती. मला तिच्याकडे बघवेना. ती गेल्यावर दार लावून घेतलं.