ऑर्व्हिलच्या जागेवर

रविवार, १५ नोव्हेंबर १९०८

प्रिय आई,

काल चिखलात फुटबॉलचा सामना आम्ही सहा-शून्य जिंकलो. सात सामने झाले, एकही हरलो नाही. माझं फक्त कोपर खरचटलंय.

सोबत पाठवलेल्या संघाच्या फोटोतले माझे केस पाहून चिडू नकोस. ऑर्व्हिल टायफॉईडने गेल्यावर संघातली त्याची जागा मला देताना कप्तान हॅस्केल म्हणाला, "आधी भावासारख्या झिपऱ्या वाढव. टकरींत उघड्या डोक्याला तेवढीच गादी."

थँक्सगिव्हिंगच्या सणाला शेवटचा सामना आहे. तोही जिंकू. पण तुझा जीव थाऱ्यावर राहणार नसेल, तर तसं लिही. मी मैदानात उतरणार नाही. बाबांचा खोकला कसा आहे?

सवयीने खाली दोघांच्या सह्यांपुरती जागा सोडली होती. माझी एकट्याची करून पाकीट बंद करतो.

तुझा,
एल्डन