मशरूमचं विचारलंस म्हणून

श्रावस्ती,

बहरीनहून दादाचा जय भीम. मी बरा आहे. उकाडा फार, पण मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये एसी आहे. फोनवर बोलताना आई तुझ्या शेजारी असते, म्हणून लिहितोय.

गोव्याच्या शिबिरात ते भास घडवणारे मशरूम देतात, त्याने डिप्रेशन जातं, जाऊ का, असं तू विचारलंस. मी हसलो नाही. आमचा आयरिश इंजिनिअर ब्रेंडन बायको गेल्यावर वर्षभर कुणाशी बोलत नव्हता. सुट्टीत गावी गेल्यावर त्याने तिथल्या डॉक्टरांच्या औषध-चाचणीत याच मशरूममधलं औषध घेतलं. "खूप रडलो, पण नंतर जेवणाला चव आली," म्हणाला.

तुझं सांगितल्यावर त्याने आधी विचारलं, "घरात कुणाला भास व्हायचे का?" मी आपल्या आत्याचं सांगितलं.

"मग नको," तो लगेच म्हणाला. "अशा घरातल्यांना आमच्या डॉक्टरांनी घेतलंच नाही. डोकं आणखी बिघडू शकतं."

औषध घेतलं तेव्हा त्याच्याजवळ दिवसभर दोन डॉक्टर बसून होते. गोव्यात तुझ्याजवळ कोण बसणार? शिवाय तिथे ते बेकायदा आहे.

गोळ्या घेतेस ना? त्यांनी नुसतं बधिर वाटतं, हे तुझ्या डॉक्टरांना सांगायला हवं. आपण दोघं जाऊन सांगू. माझी रजा मंजूर झालीय, पुढच्या महिन्यात महाडला येतोय. आईचे गुडघे कसे आहेत?

तोवर कधीही फोन कर. सुपरवायझरला सांगून ठेवलंय, बहिणीचा फोन आला की मी हातातलं काम ठेवून बाहेर जाणार.

तुझाच,
सुजीतदादा