सईच्या ताटातला गहू

कोल्हापूर, दि. ३ जून २०२५

ती. अनुजावन्संना,
सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही, फोन नाही, माफ करा. आई रागावून तुमच्याकडे आल्या, त्याला कारण मीच. फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहिते आहे.

सईला गहू चालत नाही, असं डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं. तेव्हापासून घरात गहू बंद. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मी भिंगातून वाचते. तुमचे बंधू तर ज्वारीची भाकरी अशा चेहऱ्यानं मोडतात, की जणू कळंब्याच्या तुरुंगात जेवायला बसलेत. एवढं करूनही सईचं पोट दुखायचं थांबेना, वजन वाढेना. आईंनी एकदा तिला लपवून पुरणपोळी दिली होती. म्हणून मी त्यांनाच म्हणाले, की तुमच्या मायेनंच पोरगी आजारी पडते. त्यांनी पिशवी भरली आणि स्टँड गाठला. मी अन्याय केला का, हे रोज स्वतःला विचारते.

रागवा हवं तर, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
प्रमोदिनी

जयसिंगपूर, दि. ६ जून

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद.

एम. ए. झालीस, पण एक फोन करायचं धाडस होईना होय तुला! आमच्या नृसिंहाला सांग, लहानपणी हाच भाकरी-पिठल्यासाठी जमिनीवर लोळायचा.

आई इथंही चपातीला शिवत नाही. ह्यांनी आग्रह केला, तर म्हणाली, की नातीला न्हाय ते मला कशाला. त्या पुरणपोळीची तिला अजून लाज वाटते. तुला एकच विचारायला सांगितलंय : म्हातारी तर जयसिंगपुरात हाय की, मग आता पोरीचं पोट कोण दुखवतंय?

माया भरपूर आहे, मागून घेत जा.

अनुजा

कोल्हापूर, दि. ९ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

आईंचा प्रश्न दोनदा वाचला. परवाही सईचं पोट दुखलं होतं. मग डबा न् डबा ओट्यावर काढला. एप्रिलमध्ये मी वर्षाची तिखट-मसाल्याची चटणी केली, आठ किलो. तिच्यात घातलेल्या हिंगाची डबी हाताला लागली. तिच्यावर लिहिलंय : गव्हाचं पीठ. बाजारच्या सगळ्या पुड्या भिंगाखाली घातल्या, पण चटणी माझ्या हातची, म्हणून तिच्यावर संशयच आला नाही. आणि चटणीशिवाय आपल्याकडं कुठली आमटी होते? दोन्ही वेळा लेकीला गहू मीच वाढत होते. डॉक्टर म्हणाले, एवढासाही तिला बाधतो.

सई म्हणाली, की आज्जीवर खटला आणि आरोपी मम्मी. तुमचे बंधू म्हणतात, चटणी जयसिंगपूरला तडीपार करा, तिकडं गहू चालतो. दोघं हसले. मला काही हसू आलं नाही.

हे पत्र हातानंच आणते, टपालाआधी मीच पोचेन.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
प्रमोदिनी

उद्याचं काम : सहाची एसटी धरून जयसिंगपूर, आणि दारातच, पाणी प्यायच्या आधी, आईंची माफी मागणे.